विश्लेषण : ‘हो, पण…’मधला ‘पण’ जातो कुठे? सुनावणीत रहिवासी बोलतात एक, नोंद होते दुसरीच!

रस्ता, मेट्रो, खाण, विमानतळ, विकास आराखडा... कोणतेही मोठे काम हाती घेण्याआधी कायदा नागरिकांचे म्हणणे मागवतो. पण मांडलेले म्हणणे जसेच्या तसे निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर पोहोचते का?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शहरात वसाहतीच्या मागून नवा रस्ता आखला आहे. सुनावणीत एक रहिवासी महिला उभ्या राहतात आणि सांगतात, ‘रस्ता हवाच आहे, पण शाळेच्या फाटकासमोरून नको. आणि आधी पावसाळी गटार करा, नाहीतर पाणी आमच्या तळमजल्यात शिरेल.’ दोन मिनिटांत त्या खाली बसतात. काही आठवड्यांनी अहवाल येतो. त्यातल्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे लिहिलेले असते : ‘रस्त्यास विरोध’. दुसरीकडे प्रकल्पाच्या प्रचारपत्रकावर त्यांचेच अर्धे वाक्य झळकते : ‘रहिवासी म्हणतात, रस्ता हवाच!’

एकाने त्यांना विरोधक ठरवले, दुसऱ्याने समर्थक. दोघांनीही वाक्य अर्धेच घेतले आणि दोघांनीही तोच शब्द गाळला : पण. हे उदाहरण समजुतीसाठी रचलेले असले, तरी ज्यांनी अशा सुनावण्यांना हजेरी लावली आहे, त्यांना ते ओळखीचे वाटेल. गटार आधी झाले नाही आणि पहिल्याच पावसात पाणी घरात शिरले, तर कागद दाखवून सांगता येते की ही अडचण कुणी मांडलीच नव्हती.

नागरिकांचे मत कायद्याने कुठे मागवले जाते?

महाराष्ट्रात शहराचा विकास आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ म्हणजेच ‘एमआरटीपी’ कायद्याखाली तयार होतो. कलम २६नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवल्या जातात. त्यानंतर कलम २८नुसार नियोजन समितीपुढे सुनावणी होते. समितीत स्थायी समितीचे सदस्य आणि राज्य सरकारने नेमलेले तज्ज्ञ असतात. मंजूर आराखड्यात पुढे किरकोळ फेरबदल करायचा असला, तरी कलम ३७खाली पुन्हा हरकती मागवाव्या लागतात.

पर्यावरणावर मोठा परिणाम करणाऱ्या प्रकल्पांना केंद्राची ‘पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन’ अधिसूचना लागू होते. ती १४ सप्टेंबर २००६ची. बोलीभाषेत तिला ‘ईआयए’ म्हणतात. तिच्यात जनसुनावणीची सविस्तर कार्यपद्धती दिली आहे. शहरात झाडे तोडायची असतील, तर १९७५च्या झाडांविषयीच्या राज्य कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरण हरकती मागवते.

थोडक्यात, नागरिकाने बोलावे ही कायद्याचीच अपेक्षा आहे. आराखडा तयार करणाऱ्याला जे कागदावर दिसत नाही, ते तिथे राहणाऱ्याला रोज दिसते. नाला कुठे तुंबतो, शाळा कधी सुटते, रुग्णवाहिका कोणत्या गल्लीतून वळत नाही, हे त्याला पाठ असते.

याचा पुरावा मुंबईतच आहे. मुंबईच्या २०१४ ते २०३४ या काळासाठीच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. रस्ते, इमारती, वारसा वास्तू, प्रार्थनास्थळे यांच्या नोंदींतील चुका नागरिकांनी एकामागोमाग एक दाखवल्या. अखेर एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने तो मसुदा गुंडाळून नव्याने काम करण्यास सांगितले. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि २०१८ मध्ये आराखडा मंजूर झाला. सॉफ्टवेअरच्या भाषेत बोलायचे, तर हे टेस्टिंग होते आणि नागरिकांनी ते फुकट करून दिले. दाखवलेल्या चुकीची नोंद ‘सॉफ्टवेअरला विरोध’ अशी झाली असती, तर चूक कधीच सुधारली नसती.

‘पण’ नेमका कुठे गळतो?

पहिली गळती गोषवाऱ्यात होते. हजारो हरकती आल्या की त्यांचे तक्ते बनतात. अनुक्रमांक, नाव, हरकतीचा तपशील, अभिप्राय. दोन पानांचे पत्र ‘तपशील’च्या एका ओळीत बसवावे लागते. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे पत्र लिहिणारा नाही तर तक्ता भरणारा ठरवतो.

दुसरी गळती वर्गीकरणात. समर्थन की विरोध, या दोनच खणांत माणूस बसवला जातो. सुनावणीला येणारे बरेच जण या दोन्हींत बसत नाहीत. ‘पुनर्विकास हवा, पण भाड्याची हमी लेखी द्या’, ‘उड्डाणपूल हवा, पण बाजारपेठेच्या अलीकडे उतरवा’, ‘कारखाना येऊ द्या, पण सांडपाणी खाडीत सोडू नका’ हे ना समर्थन, ना विरोध. ती अट आहे आणि अट हाच त्या म्हणण्याचा गाभा असतो.

तिसरी गळती भाषेत. रहिवासी मराठीत, कोकणीत किंवा आपल्या बोलीत बोलतात. मंजुरीच्या टेबलावर जाणारी टिपणे अनेकदा इंग्रजीत असतात. ‘आमची काही हरकत नाही, फक्त विहिरींचं पाणी आटता कामा नये’ या वाक्यातला ‘फक्त’ हलका वाटतो. बोलणाऱ्यासाठी सगळा भार त्याच शब्दावर असतो. इंग्रजी गोषवाऱ्यात ‘हरकत नाही’ एवढेच उरले, तर भाषांतर बरोबर आणि अर्थ चूक असा प्रकार होतो.

चौथी गळती राजकारणात. प्रकल्पाचे समर्थक प्रश्न विचारणाऱ्याला ‘विकासविरोधी’ म्हणतात. विरोधकही मागे नसतात. अटी घालून होकार देणाऱ्या शेजाऱ्याला ते ‘बिल्डरचा माणूस’ ठरवून मोकळे होतात. हा दुसरा शिक्का अधिक बोचरा ठरतो, कारण तो रोज जिन्यात भेटणारे लोक मारतात. मग पुढच्या सुनावणीला तो माणूस येतच नाही.

आरेच्या वादात काय दिसले?

या गळतीचे सर्वांच्या लक्षात असलेले उदाहरण म्हणजे मुंबईची मेट्रो ३. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मार्गिका. तिची कारशेड गोरेगावच्या आरे वसाहतीत करायची ठरली आणि वाद पेटला. विरोध करणाऱ्या बहुतेक नागरिकांचे म्हणणे होते, ‘मेट्रो हवी, पण कारशेड आरेत नको.’ त्यांनी पर्याय म्हणून कांजूरमार्गची जागाही पुढे केली होती. २०१५ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या तांत्रिक समितीतही दोन सदस्यांनी आरेच्या जागेबाबत वेगळे मत नोंदवले होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांबाबतचा प्रस्ताव मंजूर केला. त्यापूर्वी ८० हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवण्यास सांगितले, तोवर २,१४१ झाडे पडली होती.

या सगळ्या काळात आरेसाठी उभे राहिलेल्यांवर सर्रास ‘मेट्रोविरोधी’ हा शिक्का बसला. लोकलच्या गर्दीत रोज लोंबकळणारा माणूस मेट्रोच्या विरोधात कसा असेल, हा साधा प्रश्नही मागे पडला. दुसऱ्या बाजूनेही तेच झाले. ‘उशीर झाला तर खर्च वाढेल, कारशेड लवकर होऊ द्या’ म्हणणाऱ्यांना ‘झाडांचे वैरी’ म्हटले गेले. त्यातल्या अनेकांना झाडे नको नव्हती, त्यांना वेळेवर घरी पोहोचायचे होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नागरिकांची अट मान्य झालीच पाहिजे, असा नियम नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तत्कालीन सरकारने कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा तिथल्या जमिनीच्या मालकीचा वाद न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये कामाला स्थगिती मिळाली. २०२२ मध्ये नव्या सरकारने कारशेड पुन्हा आरेत आणली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्गिका कफ परेडपर्यंत पोहोचली.

म्हणजे नागरिकांच्या ‘पण’ला ‘शक्य नाही, याची कारणे ही’ असे उत्तर देता येते. कारण देऊन नाकारणे वेगळे आणि न बोललेले शब्द तोंडात घालणे वेगळे. पहिल्यात माणूस हरतो. दुसऱ्यात तो बोललाच नव्हता, असे ठरते.

हरकती लाखांत आल्या तर त्या खोट्या का?

अलीकडे ‘पण’ गाळण्याचा आणखी एक मार्ग निघाला आहे. म्हणणे काय आहे ते न पाहता, ते कसे आले यावर बोट ठेवायचे. ‘सगळ्यांचा मजकूर एकसारखाच आहे’, ‘कुणीतरी मोहीम चालवली आहे’, असे म्हणून गठ्ठाच बाजूला सारायचा.

२०२० मध्ये केंद्र सरकारने ईआयए अधिसूचनेचा नवा मसुदा आणला. जनसुनावणीसाठी नागरिकांना मिळणारा किमान ३० दिवसांचा अवधी २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव त्यात होता. देशभरातून ईमेलचा पाऊस पडला. मंत्र्यांच्या ईमेलवर मोठ्या संख्येने येणाऱ्या पत्रांबद्दल तक्रार झाली. जुलै २०२० मध्ये दिल्ली पोलिसांनी ‘फ्रायडेज फॉर फ्युचर इंडिया’ या तरुणांच्या गटाला नोटीस धाडली, तीही दहशतवादविरोधी ‘यूएपीए’ कायद्याचा उल्लेख करून. गवगवा झाल्यावर ती चुकून गेल्याचे सांगत मागे घेण्यात आली. सरकारने मागवलेल्या सूचना पाठवणारे तरुण काही दिवस थेट देशविघातक कृत्याच्या संशयाखाली होते. म्हणण्याचा विपर्यास याहून टोकाचा असू शकत नाही.

मग मोहिमेतून आलेला प्रत्येक मजकूर मोजायचाच का? तसेही नाही. विषय विकासकामाचा नसला, तरी दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे उदाहरण इथे उपयोगी आहे. इंटरनेटच्या वेगवेगळ्या दरांबाबत ट्रायने डिसेंबर २०१५ मध्ये काही नेमके प्रश्न विचारून मते मागवली. फेसबुकने आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या समर्थनार्थ वापरकर्त्यांकडून तयार मजकुराची लाखो उत्तरे पाठवून घेतली. त्या उत्तरांत विचारलेल्या प्रश्नांना उत्तरच नाही, असे ट्रायने लेखी कळवले. कारण दिले, तेही उघडपणे.

फरक इथे आहे. एकसारख्या मजकुराच्या दहा हजार हरकती म्हणजे दहा हजार वेगळे मुद्दे नव्हेत, हे मान्य. पण तो एक मुद्दा आहे आणि त्याखाली दहा हजार सह्या आहेत. मुद्द्याला एकदाच उत्तर द्या, पण द्या. जे लोक स्वतः दोन पाने लिहू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तयार मजकुराखाली सही करणे हाच बोलण्याचा मार्ग असतो.

न्यायालयांनी काय म्हटले आहे?

गोव्यातील दोन प्रकरणे या बाबतीत महत्त्वाची आहेत. पहिले उत्कर्ष मंडळ विरुद्ध भारत सरकार. दक्षिण गोव्यातील खाणीला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीचा हा वाद २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने म्हटले, की जनसुनावणीत आलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने विचार केला, हे तिच्या नोंदींतून दिसले पाहिजे. हरकत मान्य केली किंवा फेटाळली, तर का, याची कारणे दिली पाहिजेत. म्हणजे ‘हरकती ऐकल्या’ एवढी ओळ पुरेशी नाही.

दुसरे प्रकरण मोपा विमानतळाचे. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विमानतळाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली. प्रकल्पाच्या अर्जात परिसरातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील भागांची माहिती नीट दिलेली नव्हती, तज्ज्ञ समितीनेही पुरेशा गांभीर्याने तपासणी केली नव्हती. समितीला फेरविचार करावा लागला. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, ती अटींची भर घालून. त्यांच्या पालनावर देखरेखीचे काम ‘नीरी’ या संस्थेकडे आले. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले.

विमानतळ झाला आणि अटीही आल्या. हरकत म्हणजे खोडा, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

नोंद कोण करतो यानेही किती फरक पडतो, हे ओडिशातील नियमगिरीत दिसले. तिथल्या डोंगरातील बॉक्साइट खाणीबाबत एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि जिल्हा न्यायाधीश दर्जाचा न्यायिक अधिकारी निरीक्षक म्हणून हजर राहील, असे सांगितले. बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. नोंद कंपनीच्या किंवा प्रशासनाच्या एकट्याच्या हातात नव्हती. लोक काय म्हणाले यावर मग वाद घालायला जागा राहिली नाही.

प्रशासनाची अडचण खरी नाही का?

आहे. मनुष्यबळ तोकडे असते, हरकती हजारोंनी येतात, मुदत ठरलेली असते. सुनावणीला येणारे सगळेच मुद्द्यावर बोलतात असेही नाही. कुणी जुन्या नगरसेवकाची तक्रार काढतो, कुणी शेजाऱ्याच्या अतिक्रमणाची. गोषवारा करावाच लागतो. प्रत्येक चुकीच्या नोंदीमागे हेतू असतो, असे म्हणणे कर्मचाऱ्यांवर अन्याय ठरेल. बऱ्याचदा ती घाई असते.

पण घाईतली चूक सुधारण्याची सोय नसेल, तर ती हेतुपुरस्सर केलेल्या चुकीइतकीच महागात पडते. गोषवारा करणे हा दोष नाही, तो संबंधित नागरिकाला न दाखवता अंतिम करणे हा दोष आहे. बँकेत खात्यातून दहा रुपये वळते झाले तरी मोबाइलवर संदेश येतो. नागरिकाच्या नावावर सरकारी कागदात एक मत चढते, तेव्हा मात्र त्याला पत्ताही नसतो.

बातम्यांत हेच होते का?

होते आणि हे माध्यमांनी कबूल करायला हवे. मोबाइलच्या पडद्यावर मथळ्याला जेमतेम दीड ओळ मिळते. ‘रहिवाशांचा विरोध’ हे त्यात बसते. ‘शाळेसमोरचे वळण बदलल्यास आणि गटार आधी झाल्यास रहिवाशांचा पाठिंबा’ हे बसत नाही. नोटिफिकेशनमध्ये तर आणखी कात्री लागते. वीस सेकंदांच्या चित्रफितीत ‘रस्ता हवाच’ एवढेच येते आणि ‘पण’च्या आधी ती संपते. मग तीच चित्रफीत वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते आणि बोलणाऱ्या महिलेला दाराशी येऊन जाब विचारला जातो.

मथळा छोटा असणे ही अडचण आहे, सबब नव्हे. ‘विरोध’च्या जागी ‘अटी’ हा शब्दही तेवढ्याच जागेत बसतो. ‘रस्त्याला रहिवाशांच्या दोन अटी’ हा मथळा खराही आहे आणि वाचावासाही वाटतो. वृत्तपत्राने विपर्यास केला असे वाटल्यास संपादकाकडे लेखी खुलासा पाठवता येतो. दाद मिळाली नाही, तर भारतीय पत्रकार परिषद म्हणजेच प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. पण वेळ अशी येऊच नये, यासाठी मथळा देणाऱ्याने बातमीतील ‘पण’ शोधणे हेच सोपे.

कायद्यात यावर काही उपाय आहे का?

आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नाही. ईआयए अधिसूचनेच्या परिशिष्ट चारमध्ये जनसुनावणीबाबत काही ठोस गोष्टी सांगितल्या आहेत.

सुनावणीची किमान ३० दिवसांची सूचना द्यायची. जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असेल. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण करायचे. हजर असलेल्या प्रत्येकाला माहिती किंवा स्पष्टीकरण मागण्याची संधी द्यायची.

सर्वांत महत्त्वाची तरतूद पुढे आहे. व्यक्त झालेली सर्व मते आणि चिंता अचूकपणे उमटतील, असा गोषवारा तयार करायचा. सुनावणी संपताना तो उपस्थितांना वाचून दाखवायचा. त्यातला मजकूर स्थानिक भाषेत समजावून सांगायचा. मान्य झालेल्या इतिवृत्तावर त्याच दिवशी सही करायची. लोकांनी मांडलेले मुद्दे आणि त्यावर प्रकल्प आणणाऱ्याचे उत्तर, याचे निवेदन स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत जोडायचे. हे कामकाज ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ इथे ठळकपणे लावायचे, मंडळाच्या संकेतस्थळावरही टाकायचे. त्यावर कुणाला काही म्हणायचे असेल, तर ते थेट मंजुरी देणाऱ्या यंत्रणेकडे पाठवता येते.

म्हणजे नोंद चुकली तर त्याच सभेत, त्याच दिवशी हात वर करण्याचा मार्ग नियमातच आहे. सभा आटोपत आली की लोक गाडी पकडायला निघतात, गोषवारा घाईने वाचला जातो आणि ही संधी वाया जाते. विकास आराखडा किंवा वृक्षतोडीच्या सुनावणीत मात्र अशा सामूहिक वाचनाची पद्धत रुजलेली नाही.

रहिवाशांनी काय काळजी घ्यावी?

तोंडी बोलायचे असले तरी म्हणणे एका पानावर लेखी द्यावे. आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्यावी. ईमेल केला तर त्याची प्रत जपून ठेवावी.

अट पहिल्याच वाक्यात मांडावी. ‘रस्ता हवा, पण...’ अशी सुरुवात केली की पहिले दोन शब्दच उचलले जातात. त्याऐवजी ‘पावसाळी गटार आधी झाले आणि शाळेसमोरचे वळण बदलले, तरच या रस्त्याला संमती; अन्यथा ही हरकत समजावी’ असे लिहावे. हे वाक्य अर्धे कापले तरी अट शिल्लक राहते.

मुद्द्यांना क्रमांक द्यावेत. एका मुद्द्यात एकच मागणी ठेवावी. चार मागण्या एका परिच्छेदात कोंबल्या, तर तक्त्यात एकच उतरते.

ईआयएच्या सुनावणीत गोषवारा वाचेपर्यंत थांबावे. आपले म्हणणे चुकले असेल, तर तिथेच दुरुस्ती मागावी आणि त्याचे चित्रीकरण होत आहे याची खात्री करावी. नंतर चित्रफीत व इतिवृत्ताची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

चूक नंतर लक्षात आली, तर निर्णय होण्याआधी लेखी दुरुस्ती पाठवावी. पर्यावरण मंजुरी दिली गेली असेल, तर राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत देऊ शकतो.

आणि शेजाऱ्याबद्दल ‘ते तर त्यांच्या बाजूचे’ असा संदेश पुढे ढकलण्याआधी एवढेच विचारावे : त्यांचे पूर्ण वाक्य ऐकले आहे का?

मग बदलायला काय हवे?

सगळा भार रहिवाशांवर टाकून चालणार नाही. पोच जपणे, माहिती अधिकाराचा अर्ज करणे, लवादाची पायरी चढणे हे प्रत्येकाला जमत नाही. व्यवस्थेत तीन बदल केले तर मोठा फरक पडेल आणि त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही.

एक, वाचून दाखवण्याचा नियम सर्वत्र. पर्यावरण सुनावणीला जे लागू आहे, ते विकास आराखडा, आरक्षण बदल आणि वृक्षतोडीच्या सुनावण्यांतही पाळले जावे. नोंद त्याच दिवशी, त्याच भाषेत ऐकवावी.

दोन, तक्त्यात ‘अट’ हा स्वतंत्र रकाना. समर्थन, विरोध आणि सशर्त संमती असे तीन प्रकार केले की अर्धा गोंधळ मिटेल. अभिप्रायाच्या रकान्यात अट मान्य, अंशतः मान्य की अमान्य आणि का, हे लिहावे. सोबत मूळ पत्राची प्रत जोडावी, मात्र नागरिकाचा फोन आणि पत्ता झाकून.

तीन, नोंद अंतिम होण्याआधी मोबाइलवर संदेश. ‘आपली हरकत अशी नोंदवली आहे. चूक असल्यास सात दिवसांत कळवा.’ हे करायला मोठे तंत्रज्ञान लागत नाही. पाणीपट्टी, मालमत्ता कर, वीजबिल यांचे संदेश पाठवणारी यंत्रणा आधीच हाताशी आहे. थकबाकी कळवायला जी यंत्रणा चालते, ती मत विचारायला का चालू नये?

यातून काही प्रकल्पांचे काम आठवडाभर लांबेल, हे खरे. पण लोकांनी आधीच सांगितलेली अडचण काम झाल्यावर दुरुस्त करायला लागणारा वेळ आणि पैसा त्याहून कितीतरी जास्त असतो. गटार आधी घातले तर रस्ता एकदाच खणावा लागतो.

सुरुवातीच्या उदाहरणातील त्या रहिवासी महिलेची मागणी आठवून पाहा. त्यांनी रस्ता अडवलेला नाही, कुणाचा झेंडा घेतलेला नाही. त्यांना फक्त तळमजल्यात पाणी शिरू नये एवढेच हवे आहे. त्यांचे म्हणणे फेटाळायचे तर कारण लिहून फेटाळावे. पण त्या काय म्हणाल्या, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडेच राहिला पाहिजे.